एक शुक्रवार, सहा सालं: १६३० म्हणजे नेमकं कुणाचं १६३०?

फेब्रुवारी लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तोच सामना रंगतो. मामा लिहितो, ‘जयंती तिथीनेच.’ चुलतभाऊ लिहितो, ‘तारखेनेच, सरकारी आहे.’ मग दोघेही भगवे झेंडे टाकतात आणि वाद पुढच्या वर्षावर जातो. यंदा मात्र शाळकरी भाचीने मध्येच एक पुडी सोडली. तिला कुठेतरी ‘१६३० साली काय घडलं, कोण जन्मलं’ अशी यादी सापडली होती. त्यात शिवाजी महाराज होते आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्सही होता. तिचा प्रश्न साधा होता : ‘म्हणजे हे दोघं एकाच वर्षीचे?’

मी ‘हो’ लिहिलं, पाठवलं आणि लगेच पुसलं. कारण खरं उत्तर असं आहे की कुणाच्या वहीत बघतेस त्यावर ते ठरेल. तेव्हाच्या काही वह्यांत ते एका वर्षाचे आहेत, काहींत नाहीत. आणि ‘१९ फेब्रुवारी १६३०’ ही तारीख, जी आपल्याला तोंडपाठ आहे, ती त्या दिवशी सह्याद्रीपासून सुरतेपर्यंत कुणाच्याही वहीत त्या रूपात लिहिली जात नव्हती.

हे कोडं वाटतं तितकं अवघड नाही. दोनच गोष्टी समजून घ्यायच्या : वर्ष कुठून सुरू होतं आणि दिवस कसे मोजतात.

वर्षाचा पहिला दिवस कोणता?

१ जानेवारी, असं आपण पटकन म्हणतो. पण आपणच किती वर्षं एकदम जगतो बघा. मुलांचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. करसल्लागाराचं १ एप्रिलला. घरात गुढी पाडव्याला उभी राहते, आणि गुजराती दुकानदार दिवाळीत वहीपूजन करून नवं वर्ष धरतो. यात कुणी चुकतं असं आपल्याला वाटत नाही.

आता इंग्लंडकडे बघा. तिथे १७५१ पर्यंत कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. आपल्या आर्थिक वर्षासारखंच. फेब्रुवारी २०२५ मधला खर्च आपण २०२४-२५ च्या खात्यात टाकतो ना, तसंच त्यांच्याकडे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा बराचसा भाग जुन्या वर्षाच्या पदरात पडायचा. त्यामुळे डिसेंबर १६२९ नंतर यायचा तो जानेवारी १६२९! वाचताना चक्रावायला होतं, पण त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. शेजारच्या स्कॉटलंडने मात्र १६०० पासून वर्षारंभ १ जानेवारीला आणला होता, म्हणजे एकाच राजाच्या दोन मुलखांत तीन महिने वेगवेगळं साल चालायचं. तिकडे व्हेनिसच्या प्रजासत्ताकात वर्ष १ मार्चला उजाडायचं. हे व्हेनिस लक्षात ठेवा, पुढे गंमत आहे.

मागे पडणारं घड्याळ

दुसरी गोष्ट दिवसांची. ज्युलियस सीझरच्या काळापासून युरोपात चालत आलेल्या कालगणनेला ज्युलियन म्हणतात. तिचा नियम सोपा : दर चौथं वर्ष लीप, म्हणजे वर्षाची सरासरी ३६५ दिवस ६ तास. पण ऋतूंचं खरं वर्ष याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. ११ मिनिटं म्हणजे चहा उकळायला लागतात तेवढी, पण सुमारे १२८ वर्षांत त्यांचा एक पूर्ण दिवस होतो.

घरातलं भिंतीवरचं घड्याळ रोज किंचित मागे पडतं, आपण दुर्लक्ष करतो, आणि एक दिवस बस चुकते. तसंच चर्चचं झालं. ईस्टरचा सण वसंत संपाताशी, म्हणजे दिवसरात्र समान होण्याच्या दिवसाशी बांधलेला. सोळाव्या शतकापर्यंत कॅलेंडरवरचा संपात आणि आकाशातला संपात यांत दहा दिवसांचं अंतर पडलं होतं. म्हणून पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये दोन कामं केली. काटे एकदम दहा दिवस पुढे केले : ४ ऑक्टोबर, गुरुवार, याच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर, शुक्रवार. आणि घड्याळाचं यंत्रही दुरुस्त केलं : शतकाच्या शेवटच्या वर्षाला ४०० ने भाग जात नसेल तर ते लीप नाही. म्हणून १६०० लीप होतं, १७०० नव्हतं. हीच ग्रेगोरियन कालगणना, आज आपल्या भिंतीवर आहे ती.

वाराला मात्र कुणी हात लावला नाही. गुरुवारनंतर शुक्रवारच आला. हा तपशील जपून ठेवा, पुढे सगळा उलगडा वारानेच होणार आहे.

पोर्तुगाल आणि स्पेनने बदल लगेच स्वीकारला. हॉलंडनेही वर्षभरात. पण इंग्लंड, स्वीडन आणि जर्मनीतली प्रॉटेस्टंट राज्यं अडून बसली. पोपचं ऐकण्यापेक्षा सूर्याशी भांडण परवडलं, असा एकूण पवित्रा. इंग्लंडने हट्ट सोडला तो १७५२ मध्ये. तोवर फरक अकरा दिवसांवर गेला होता, म्हणून तिथे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. कंपनी सरकारच्या मुंबईतही तेव्हाच.

शिवनेरीवरचा तो दिवस

आता जुन्नरजवळच्या शिवनेरीवर चला. महाराजांच्या जन्माची नोंद अशी : शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. मूळ नोंद ही. यात ना फेब्रुवारी आहे, ना १६३०.

त्याच शुक्रवारी आसपासच्या वह्या उघडल्या तर काय दिसलं असतं?

आपल्याकडची पहिली वही पंचांगाची, म्हणजे शालिवाहन शकाची. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांना ७९ मिळवायचे. फाल्गुन हा शेवटचा महिना. १५५१ अधिक ७९, झाले १६३०. शाळेत ‘७८ मिळवा’ एवढंच शिकवलं की नेमकी अशा जागी एका वर्षाची चूक होते.

दुसरी वही सुरतेच्या व्यापाऱ्याची. तो विक्रम संवत लिहिणार : १६८६. त्याचं वर्ष दिवाळीनंतर बदलतं.

तिसरी वही मोगल कारकुनाची. शहाजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेवर निघालेला आणि १६३० साली त्याची छावणी बुऱ्हाणपुरात. कारकून लिहिणार हिजरी १०३९, महिना रज्जब.

चौथी वही आपल्याच मुलखातली, पण आज विसरलेली. निजामशाही-आदिलशाहीच्या दप्तरांत आणि नंतर मराठ्यांच्याही कागदांत शुहूर सन चालायचा. हिजरी वर्ष चंद्राचं, सुमारे ३५४ दिवसांचं. ते दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतं. नमाज-रोज्यांना ते चालतं, शेतसाऱ्याला चालत नाही, कारण पीक काही चंद्र बघून येत नाही. म्हणून दख्खनमध्ये अशी सोय निघाली की महिन्यांची नावं अरबी ठेवायची, पण वर्ष सूर्याचं, सूर्य मृग नक्षत्रात शिरला की नवं. लोक त्याला मृगसाल म्हणत. पेरणीच्या तोंडावर बदलणारं साल, शेतकऱ्याला याहून सरळ काय हवं? त्या हिशोबाने आपला शुक्रवार पडतो शुहूर १०३० मध्ये, अरबी शब्दांत ‘सलासीन अलफ’.

पाचवी वही गोव्यातल्या पोर्तुगिजांची. ते ग्रेगोरियनवाले. त्यांच्याकडे त्या दिवशी तारीख होती १ मार्च १६३०. सुरतेत वखार थाटून बसलेल्या डचांकडेही तीच.

सहावी वही त्याच सुरतेतली, डचांच्या शेजारची, इंग्रजांच्या वखारीतली. दिवस ज्युलियन, म्हणून दहाने मागे : १९ फेब्रुवारी. आणि वर्ष अजून बदललेलं नाही, २५ मार्च यायचा आहे, म्हणून साल १६२९.

एकच शहर, हाकेच्या अंतरावरच्या दोन वखारी. एकीकडे १ मार्च १६३०, दुसरीकडे १९ फेब्रुवारी १६२९. माल एकमेकांना विकताना यांनी तारखांवरून डोकी कशी फोडली नाहीत, याचं मला कौतुक वाटतं.

मग ‘१९ फेब्रुवारी १६३०’ आलं कुठून? इतिहासकारांच्या सोयीतून. त्यांनी इंग्रजी कागदांशी मेळ बसावा म्हणून दिवस ज्युलियन ठेवला आणि वाचकाचा घोटाळा होऊ नये म्हणून वर्ष मात्र १ जानेवारीपासून धरलं. अर्धं जुनं, अर्धं नवं. त्या दिवशी ही तारीख हुबेहूब अशी लिहिणारे लोक होते, पण ते एडिंबरा किंवा स्टॉकहोमला!

आणि व्हेनिस? तिथे ग्रेगोरियन दिवस आणि १ मार्चला वर्षारंभ. म्हणजे शिवनेरीवर पाळणा हलला त्या दिवशी व्हेनिसमध्ये १६३० सालाचा चक्क पहिला दिवस होता.

हे खरं कशावरून?

शंका रास्त आहे. दहा दिवसांचा फरक कुणी नंतर चिकटवला असेल तर? इथे वार कामाला येतो. नोंदीत शुक्रवार आहे. आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर उलटं मोजत नेलं तर १९ फेब्रुवारी १६३० ला मंगळवार येतो. शुक्रवार येतो १ मार्चला. शिवाय वद्य तृतीया म्हणजे पौर्णिमा नुकतीच सरलेली हवी. चंद्राचं गणित मागे नेलं तर त्या फेब्रुवारीतली पौर्णिमा ग्रेगोरियन २६-२७ तारखेला पडते, १ मार्चच्या दोन-तीन दिवस आधी. तिथी आणि वार, दोन्ही जुळतात. म्हणून ‘१९ फेब्रुवारी’ ज्युलियन आहे, यात शंका उरत नाही.

राज्याभिषेकाचंही असंच. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शनिवार, ६ जून १६७४. शनिवार ज्युलियन ६ जूनलाच येतो, आजच्या हिशोबाने तो दिवस १६ जूनचा. आणि महाराजांचं निधन ३ एप्रिल १६८०, चैत्र पौर्णिमा, तेही ज्युलियन, आजच्या मोजणीत १३ एप्रिल.

लंडनचं बाळ

आता भाचीच्या प्रश्नाकडे. दुसरा चार्ल्स जन्मला लंडनमध्ये, २९ मे १६३० ला, अर्थातच ज्युलियन. गोव्यात तेव्हा ८ जून. शिवनेरीच्या शुक्रवारनंतर ९९ दिवसांनी.

या ९९ दिवसांत कुणाकुणाचं वर्ष बदललं? गोव्याचं नाही, दोघं १६३० चेच. इंग्रजांचं बदललं, कारण २५ मार्च मध्ये आला : एक १६२९ चा, दुसरा १६३० चा. शकाचंही बदललं, मध्ये पाडवा गेला. महाराज १५५१ चे, शुक्ल संवत्सरातले. चार्ल्स १५५२ चा, प्रमोद संवत्सरातला. सुरतेच्या व्यापाऱ्याची दिवाळी अजून लांब, त्याच्या चोपड्यात दोघं १६८६ मध्येच. मोगल कारकुनाचा मोहरमही यायचा आहे, दोघं १०३९ मध्ये. शुहूरमध्ये मात्र मृग आठवड्याभरापूर्वीच लागून गेलेला. चार्ल्स १०३१ मध्ये गेला, महाराज १०३० मध्ये राहिले.

तीन वह्या म्हणतात एकाच वर्षाचे, तीन म्हणतात नाही. सामना बरोबरीत. भाचीला मी हे कळवलं तेव्हा तिने एकच शब्द पाठवला : ‘पेपरला?’ पेपरला १६३० लिहायचं, दोघांचंही.

मग १९ फेब्रुवारीला जयंती करणं चूक का?

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो, आणि थोडा रागानेच येतो. माझं उत्तर : चूक नाही, तो एक संकेत आहे. संकेत सगळ्यांनी मिळून पाळला की झालं.

जगात दोन्ही रीती आहेत. अमेरिकेचा जॉर्ज वॉशिंग्टन जन्मला तेव्हा कागदावर तारीख होती ११ फेब्रुवारी १७३१. पुढे कॅलेंडर बदललं, वर्षारंभही बदलला, आणि तो दिवस २२ फेब्रुवारी १७३२ झाला. अमेरिकेने बदललेला दिवस धरला. उलट इंग्लंडमध्ये चार्ल्सचा २९ मे हा दिवस, जो त्याचा वाढदिवस होता आणि राज्य परत मिळाल्यावर लंडनप्रवेशाचाही, तो १७५२ नंतरही २९ मेलाच साजरा होत राहिला. कुणी तो दहा दिवस पुढे ढकलला नाही. आपण १९ फेब्रुवारीला करतो ते या दुसऱ्या रीतीत बसतं.

आणि खरं सांगू, जन्मतारखेच्या बाबतीत आपण मराठी माणसं फार काटेकोर कधी होतो? आधीच्या पिढीतल्या किती जणांच्या दाखल्यावर १ जून आहे ते मोजून बघा. मास्तरांनी शाळेत नाव घालताना लिहून टाकली, आणि माणसं त्याच तारखेला निवृत्त झाली.

मग तिथीच धरावी, सगळा घोळच नको

मामाचा मुद्दा. यात वजन आहे : मूळ नोंद तिथीचीच आहे, रूपांतर करावंच लागत नाही. पण ‘तिथी म्हणजे तोच दिवस परत येतो’ ही समजूत जरा तपासायला हवी.

तिथी हे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतराचं माप आहे. चंद्र सूर्यापुढे १२ अंश सरकला की एक तिथी. बारा चांद्रमासांचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून तिथी मागे मागे सरकते, आणि मग अधिक महिना घालून तिला ढकलून जागेवर आणतात. त्यामुळे फाल्गुन वद्य तृतीया २०२४ मध्ये २८ मार्चला आली, २०२५ मध्ये १७ मार्चला. तिथीने चंद्राची कला तीच मिळते, ऋतूतला दिवस तोच मिळतो असं नाही. तारखेने ऋतू साधारण जुळतो, चंद्र जुळत नाही. दोन्ही एकदम हवं असेल तर वर्षानुवर्षं वाट बघावी लागेल.

नावाचाही प्रश्न आहेच. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे आपली फाल्गुन वद्य तृतीया काशीच्या पंचांगात चैत्र वद्य तृतीया असते. दिवस एकच, महिन्याचं नाव वेगळं. दिल्लीचा मित्र वेगळी तिथी सांगू लागला तर लगेच त्याच्यावर खेकसू नका.

‘आपलं पंचांग अचूक, इंग्रजी कॅलेंडर चुकीचं’ हेही पूर्ण खरं नाही. आपलं सौर वर्ष ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलं जातं आणि ते ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं आहे. मकरसंक्रांत आज १४-१५ जानेवारीला येते, १६३० च्या सुमारास ती आजच्या कॅलेंडरप्रमाणे ९ जानेवारीच्या आसपास येत होती. प्रत्येक घड्याळ कुठेतरी थोडं सरकतंच. आपण कशाशी लावतो, ऋतूशी, ताऱ्यांशी की चंद्राशी, एवढाच फरक.

आणि १६२७?

इथे एक गल्लत फार जण करतात. जुन्या पुस्तकांत महाराजांचा जन्म १६२७ चा, वैशाख शुद्धातला दिलेला असतो. त्याचा कॅलेंडर बदलण्याशी काहीही संबंध नाही. कॅलेंडरमुळे दहा दिवसांचा किंवा फार तर एका सालाचा फरक पडतो, तीन वर्षांचा नाही. तो वाद पुराव्याचा आहे.

बखरी शके १५४९ सांगत होत्या. त्या महाराजांच्या काळानंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेल्या. पुढे भोर संस्थानातल्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी जुन्या नोंदींची शकावली मिळाली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१ होतं. महाराजांच्या पदरच्या परमानंद कवींच्या शिवभारतातही तीच तिथी निघाली. एकमेकांशी संबंध नसलेले दोन पुरावे, दोन्ही काळाने जवळचे, आणि तिथी-वाराचं गणित जुळणारं. अभ्यासकांचं मत तिकडे झुकलं. महाराष्ट्र शासनाने १९६६ मध्ये समिती नेमली आणि २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख अधिकृत मानली.

तीन वर्षांनी एवढं काय बिघडतं? बरंच. जुलै १६२९ मध्ये लखुजी जाधवराव, म्हणजे जिजाऊंचे वडील, दौलताबादेत निजामशहाच्या दरबारात मारले गेले. जन्म १६३० चा धरला तर वडिलांच्या खुनानंतर सात-आठ महिन्यांत जिजाऊ बाळंत झाल्या. १६२७ चा धरला तर आजोबा गेले तेव्हा नातू दोन वर्षांचा होता. शिवनेरीवरच्या त्या माउलीच्या मनात काय असेल, याचं चित्रच बदलतं.

आणि त्यानंतरचा पावसाळा. १६३० चा मृग कोरडा गेला. गुजरात आणि दख्खन दोन्हीकडे पाऊस दगावला, पुढच्या वर्षी कुठे अतिवृष्टी झाली, आणि १६३२ पर्यंत माणसं किड्यामुंगीसारखी मेली. सुरतेहून आग्र्याला निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेवर पडलेली प्रेतं पाहून लिहून ठेवली. शहाजहानच्या दरबारी इतिहासकारानेही भाकरीसाठी जीव विकायला निघालेल्या माणसांचं वर्णन केलं, आणि दरबारी इतिहासकार सहसा असं लिहीत नाहीत. देहूत तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, त्यांनीच ते अभंगात सांगितलं. शिवनेरीवरचं बाळ तेव्हा जेमतेम चार महिन्यांचं होतं. दुष्काळ आणि जन्म हे दोन्ही ‘१६३० च्या घटना’ या एकाच यादीत शेजारी शेजारी बसतात, पण शकाच्या वहीत त्यांच्यामध्ये पाडवा येतो.

यादीतल्या इतर ओळी

यादीतल्या बाकीच्यांचीही थोडी अशीच कथा. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ जर्मनीच्या किनाऱ्यावर फौज घेऊन उतरला तो दिवस त्याच्या लोकांसाठी २६ जून, समोरच्या कॅथलिकांसाठी ६ जुलै. लढाईत दोन्ही बाजू एकाच सकाळी एकमेकांवर गोळ्या झाडणार आणि संध्याकाळी डायरीत वेगळ्या तारखा लिहिणार. अटलांटिकपलीकडे इंग्रज प्युरिटनांनी बोस्टन वसवलं, ७ सप्टेंबरला, त्यांच्या जुन्या हिशोबाने. व्हेनिस आणि मिलानमध्ये प्लेगने कहर केला होता.

एका नावापाशी मात्र थांबायला हवं : योहानेस केप्लर. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार आहेत हे सांगणारा. तो स्वतः प्रॉटेस्टंट, पण ऐन भरात आलेल्या धर्मभांडणात पोपचं कॅलेंडर गणिताने बरोबर आहे, हे म्हणायला कचरला नाही. बादशहाकडे थकलेला पगार मागायला तो रेगेन्सबर्गला गेला आणि तिथेच १५ नोव्हेंबर १६३० ला वारला. ही तारीख ग्रेगोरियन आहे. त्याच्या बाबतीत तरी कुणी जुनी धरू नये. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट राज्यांनी नवं कॅलेंडर घेतलं ते १७०० मध्ये, तो गेल्यावर सत्तर वर्षांनी.

दोघांची गाठ

शिवनेरी आणि लंडनची ही दोन बाळं पुढे एकमेकांना कधी भेटली नाहीत, पण त्यांच्यात एक दुवा आहे. चार्ल्सचं लग्न पोर्तुगालच्या राजकन्येशी ठरलं तेव्हा १६६१ च्या करारात मुंबई बेट त्याला आंदण मिळालं. त्याला या बेटाचं ओझंच वाटलं असावं, कारण १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. त्या मुंबईहून १६७४ च्या मे महिन्यात कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर गेला. चार्ल्सचा चव्वेचाळिसावा वाढदिवस होऊन आठ दिवस झाले होते, तेव्हा त्याने गडावर राज्याभिषेक पाहिला. त्याच्या ज्युलियन वहीत तारीख होती ६ जून, शनिवार. गोव्यातले पोर्तुगीज त्याच दिवशी १६ जून लिहीत होते. दख्खनच्या दप्तरांत शुहूर, मोगलांकडे हिजरी, व्यापाऱ्यांकडे संवत, भटजींकडे शके १५९६, आनंद संवत्सर.

आणि रायगडावर त्या दिवसापासून सातवी वही उघडली. राज्याभिषेक शक, वर्ष पहिलं. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी.